हिशेब कोणी मागायचा? : धाराशिवच्या इनाम आणि वक्फ जमिनींच्या निमित्ताने

धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या शेताचा सातबारा हातात घेतला की आपली नजर आधी नावावर जाते, मग क्षेत्रावर. इतर हक्कांचा रकाना सहसा कोणी वाचत नाही. तिथे काही उताऱ्यांवर 'खिदमतमाश' (सेवेच्या अटीवरचे इनाम), 'मदतमाश' (निर्वाहासाठीचे इनाम), 'देवस्थान इनाम' किंवा 'वक्फ' असा शब्द असतो आणि भोगवटादाराच्या वर्गापुढे 2 हा आकडा. मग बँक कर्जाला हात आखडते, खरेदीखत होत नाही, अडीअडचणीला दोन एकर काढावेत म्हटले तर वरपर्यंत परवानगीच्या फेऱ्या. चारपदरी रस्त्यात जमीन गेली तर मोबदला कोणाच्या नावावर पडायचा यावरून तीन-तीन पक्ष उभे राहतात : कसणारा, इनामदाराचे वारस आणि वक्फ मंडळ किंवा देवस्थान. गावच्या लेखी ही महसूल खात्याची कटकट आहे. हे पुस्तक तिच्याकडे राजकीय प्रश्न म्हणून पाहते. सार्वजनिक कामासाठी राखलेल्या मालमत्तेचा हिशेब मागण्याचा हक्क कोणाला आहे आणि कोणाला कधीच नव्हता, याचे उत्तर त्या रकान्यामागच्या इतिहासात आहे. माझ्या मते इथल्या नागरिकाच्या स्वातंत्र्याचे मोजमापही तिथेच घ्यावे लागते.

सुरुवात दूरवरून करावी लागेल. इस्लामी कायद्यात वक्फची संस्था आठव्या-नवव्या शतकात, मुख्यतः इराकमधल्या हनफी पंडितांच्या हातून, पक्की झाली. मालकाने आपली मालमत्ता कायमची बांधून टाकायची. ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही. उत्पन्न कशावर खर्च व्हावे हे तो एकदाच लिहून ठेवतो. कारभार मुतवल्लीकडे, देखरेख काजीची. वाकिफाने, म्हणजे वक्फ करणाऱ्याने, घातलेली अट शास्त्रवचनाइतकी बंधनकारक मानायची, असा दंडक. कैरोपासून इस्तंबूलपर्यंत विहिरी, सराया, मदरसे, दवाखाने, पूल या व्यवस्थेतून उभे राहिले. सुलतानाची मर्जी फिरली की हवेल्या आणि मळे जप्त होत, त्या काळात धर्मकार्याला बांधलेली मालमत्ता हात लावायला अवघड. म्हणून श्रीमंतांनीही वक्फ केले आणि मुतवल्लीपद आपल्याच घरात ठेवले. पुण्य आणि बचाव एकाच दस्तात साधले.

ड्यूक विद्यापीठातले तुर्की वंशाचे अर्थशास्त्रज्ञ तिमूर कुरान यांनी या संस्थेचा दुसरा पैलू पुढे आणला. 2011 च्या आसपास आलेल्या त्यांच्या ग्रंथात प्रश्न होता तो मध्यपूर्व आर्थिकदृष्ट्या मागे का पडली याचा. 2023 मध्ये आलेल्या ग्रंथात तोच धागा राजकीय स्वातंत्र्याकडे नेला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. युरोपात नगरे, विद्यापीठे, व्यापारी संघ यांना कायद्याने स्वतंत्र व्यक्तित्व मिळाले. सदस्य जमत, नियम करत, नियम मोडीत काढत, पदाधिकारी निवडत आणि काढूनही टाकत. इस्लामी कायद्यात अशा सदस्यांच्या संस्थेला जागा नव्हती. सार्वजनिक सोयी वक्फमार्फत पुरवल्या जात. वक्फमध्ये लाभ घेणाऱ्याला मत नसे. विहीर आटली, वस्ती हलली, दवाखान्याऐवजी शाळा हवी झाली, तरी शेकडो वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची अट बदलणे सोपे नव्हते. काजीची परवानगी घेऊन अदलाबदल करता येई आणि त्या परवानगीतच पैसे खाण्याची वाट असे. एवढी संपत्ती, एवढ्या संस्था, पण त्यांतून लोकांना एकत्र येऊन कारभार करण्याची सवय लागली नाही. पुढे आधुनिक राज्ये आली तेव्हा त्यांच्यासमोर उभे राहील असे संघटित नागरी बळच नव्हते. तुर्कस्तानात 1924 मध्ये शरिया आणि वक्फ खात्याचे मंत्रालय मोडले आणि वक्फ सरकारी संचालनालयाखाली गेले. इजिप्तने 1952 मध्ये कौटुंबिक वक्फ रद्द केले. फारशी चूं झाली नाही.

हा युक्तिवाद मला बराचसा पटतो, सगळा पटत नाही. कुरान यांचा मुलूख मध्यपूर्वेचा. दख्खनमध्ये तोच कायदा आला तो एका बलदंड राज्याच्या कडेवर बसून, आणि इथे प्रजा बहुसंख्येने हिंदू. त्यामुळे जे घडले ते निराळे घडले.

आजच्या धाराशिव जिल्ह्यातले परंडा आणि नळदुर्ग ही दोन नावे घेतली तरी बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल, आसफजाही अशी राजवटींची माळ डोळ्यांपुढे येते. नळदुर्गच्या बोरी नदीवरचा बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, 1613 चा. प्रत्येक राजवटीने इनामे दिली : दर्ग्याच्या दिव्याला, मशिदीच्या मुल्लाला, काजीला, खतीबाला, तशीच देवीच्या पुजाऱ्याला, मठाला, जोशाला. वक्फ आणि इनाम यांत शास्त्राने फरक आहे. वक्फ मालक करतो. इनाम राजा देतो आणि बरेचदा देतो ती जमीन नसते, सारा वसूल करण्याचा किंवा माफ होण्याचा हक्क असतो. गावात हा फरक पुसट झाला. पाच-सहा पिढ्या एकाच घराने दर्ग्याचा चिराग लावला की ती जमीन दर्ग्याची की त्या घराची, हे घरातल्यांनाही सांगता येत नाही. आज न्यायालयांत पडलेले निम्मे वाद या पुसट रेषेवरचे आहेत, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

या सगळ्याचा कागद म्हणजे मुंतखब. हैदराबादच्या निजामाच्या अतियात, म्हणजे इनामांच्या, खात्याने चौकशी करून इनामदाराला दिलेला हा उतारा. उर्दूत, घसट्या शिकस्ता वळणात लिहिलेला, फसली सालाचा. रकाने ठरलेले : इनामाचा प्रकार, गाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र, अट, धारकाचे नाव, हिस्सेदार. अटीच्या रकान्यात एक-दोन शब्द असतात, 'मशरूत-उल-खिदमत', म्हणजे सेवा चालू तोवर जमीन चालू. त्या एका शब्दावर आज कोट्यवधींच्या जमिनींचा निकाल लागतो. पण तहसिलीत तो वाचणारा माणूस मिळणे मुश्कील झाले आहे. जुना वकील, एखादा निवृत्त पेशकार, नाहीतर छत्रपती संभाजीनगर किंवा हैदराबादहून करून आणलेले भाषांतर यावर काम चालते, आणि दोन पक्षांच्या दोन भाषांतरांत अट वेगळी निघते. मुंतखबात एक रकाना मात्र कधीच नव्हता. ज्या गावासाठी ही सेवा करायची त्या गावाचा. दिवा लागला की नाही हे कोण पाहणार, नाही लागला तर कोणी कोणाकडे तक्रार करायची, याबद्दल कागद गप्प आहे. धारक गेला की वरासतीची चौकशी होई. गाव काय म्हणते, ही चौकशी होत नसे.

हैदराबाद संस्थानाने या कारभारावर खाते बसवले : उमूर-ए-मजहबी. मशिदी, दर्गे, आशूरखाने तर त्याच्याकडे होतेच, शिवाय देवळे, मठही होते. नवे देऊळ बांधायचे, जुने दुरुस्त करायचे तर परवानगी लागे आणि ही परवानगी रेंगाळत ठेवणे हा हिंदू प्रजेचा मोठा सल होता. तुळजापूरची भवानी या खात्याच्या राज्यातलीच. 1909 ची 'देऊळ-ए-कवायत' ही मंदिराची नियमावली निजामी आहे. भोपे, पाळीकर, उपाध्ये या पुजारी मंडळींचे हक्क, पूजेची पाळी, शिस्तभंग झाला तर काय, असे सगळे तिच्यात बांधले आहे. गंमत अशी की निजाम गेला, संस्थान गेले, भाषावार राज्य झाले, आणि पुजाऱ्याला मंदिरप्रवेश बंद करायची नोटीस आजही त्याच कवायतीच्या आधारे निघते. मंदिराचे विश्वस्त मंडळ जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचे, सदस्य बहुतेक पदसिद्ध. नवरात्रात लाखो माणसे पायी चालत येतात. त्यांतल्या एकालाही विश्वस्त निवडायचा अधिकार नाही. 1991 ते 2009 या काळातल्या दानपेटी लिलावांत गैरव्यवहार झाल्याचा आरोप उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला, तोही तक्रारदारांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर. इस्लामी कायद्याच्या संस्थेचा वारसा फक्त मुसलमानांकडे आला आहे असे ज्यांना वाटते त्यांनी तुळजापूरचा कारभार नीट पाहावा.

याच राज्यात लोकांनी सभा भरवायची तर 'गश्ती निशान 53' आड येई. पूर्वपरवानगीशिवाय जाहीर सभा नाही, असा 1929 च्या सुमाराचा हा फतवा. खासगी शाळा, आखाडे यांवरही तसेच निर्बंध. एका बाजूला हजारो इनामे, वक्फ आणि देवस्थाने, म्हणजे सार्वजनिक कामाच्या नावाने प्रचंड मालमत्ता. दुसऱ्या बाजूला चार माणसांनी स्वतःहून एकत्र यायला बंदी. कुरान यांचा मुद्दा इथे पुस्तकाबाहेर येऊन उभा राहतो. फरक एवढाच की आपल्याकडे दोष केवळ वक्फच्या जुन्या कायद्याचा नव्हता. त्या कायद्यातली काजीची जागा खात्याने घेतली होती, आणि खाते काजीपेक्षा कितीतरी लांब होते.

म्हणूनच हिप्परग्याची आठवण या प्रस्तावनेत जरा सविस्तर करतो. आज लोहारा तालुक्यात असलेल्या या गावात 1921 मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. सनद नाही, मुंतखब नाही, इनाम नाही. वर्गणी, धान्य आणि शिक्षकांची फकिरी यांवर ती चालली. सोलापूरकडचे एक कामगार कार्यकर्ते तिथे शिक्षक म्हणून आले, मुख्याध्यापक झाले, तिथेच 1932 मध्ये संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि पुढे अख्ख्या संस्थानाच्या लढ्याचे नेते. पैसा गावाचा, म्हणून जाब विचारायचा हक्कही गावाचा. शाळा टिकवायची कशी, फी किती, मास्तरांना काय द्यायचे, यावर भांडणे झाली असतील आणि ती व्हायलाच हवीत. जवळच्या उमरगा तालुक्यात गुंजोटीला आर्य समाजाचे काम होते. तिथे 1938 मध्ये वेदप्रकाश या तरुणाची हत्या झाली. आर्य समाजाच्या धर्मकारणाबद्दल मतभेद असू शकतात, माझेही आहेत. पण ती सदस्यांची, ठराव करणारी, पदाधिकारी निवडणारी संघटना होती, आणि निजामी राज्याला तिचे भय वाटले ते बहुधा त्यामुळेच. 1937 मध्ये परतूरला पहिली महाराष्ट्र परिषद भरली, 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला. हे सगळे बळ दर्ग्यांच्या किंवा देवळांच्या इनामांतून आले नाही. वर्गणीच्या वहीतून आले.

13 सप्टेंबर 1948 रोजी सोलापूरकडून भारतीय फौज निघाली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आले. 17 तारखेला निजामाने शरणागती दिली. त्याआधी निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी या भागात केलेले अत्याचार घरोघर सांगितले जातात. त्यानंतर मुसलमानांवर जी हिंसा झाली ती कमी सांगितली जाते. तिची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या धाराशिवचे, नाव घेतले आहे. गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे बाकीचे तीन. तो अहवाल कित्येक दशके दडपून ठेवला गेला. इथे तो आणण्याचे कारण हिशेब चुकता करणे हे नाही. ज्या समाजाची माणसे मारली गेली, पळाली, ज्यांच्या घरातले कागद गेले, तो समाज आपल्या दर्ग्याच्या जमिनीचे काय झाले हे विचारायला चावडीवर कसा उभा राहणार होता? वक्फच्या मालमत्तांवरचे अतिक्रमण हा जो शब्द आपण सहज वापरतो, त्याच्या तळाशी हे सालही आहे.

मग कायदे आले. 1952 चा हैदराबाद अतियात चौकशी कायदा, 1954 चा इनामे आणि रोख अनुदाने रद्द करणारा कायदा. दुसऱ्या कायद्याने इनामे मोडली, पण धार्मिक आणि सेवेची इनामे वगळली. म्हणजे ज्या जमिनीला देवाचे नाव होते तिथे जुनी अट जशीच्या तशी राहिली आणि देखरेख खात्याकडून उपविभागीय अधिकाऱ्याकडे आली. 1954 चाच केंद्राचा वक्फ कायदा महाराष्ट्रात फक्त मराठवाड्याला लागू होता. उरलेल्या महाराष्ट्रात मुस्लिम न्यास धर्मादाय आयुक्तांकडे. 1995 चा कायदा सगळीकडे लागू झाला, राज्याचे एकच मंडळ 2002 मध्ये झाले, मुख्यालय औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला.

1995 च्या कायद्यातली एक तरतूद पाहण्यासारखी आहे. राज्य वक्फ मंडळावर निवडून जाणारे सदस्य होते. मतदार कोण? मुस्लिम खासदार, आमदार, बार कौन्सिलचे सदस्य, आणि ज्या वक्फचे वार्षिक उत्पन्न एक लाख किंवा जास्त आहे त्यांचे मुतवल्ली. ज्या अनाथ मुलासाठी, ज्या विधवेसाठी, ज्या कब्रस्तानासाठी ही मालमत्ता ठेवली ती माणसे, ती वस्ती, मतदार नव्हे. इराकातल्या पंडितांनी लाभार्थ्याला जिथे उभे केले होते तिथेच भारतीय संसदेने त्याला ठेवले. 2025 च्या दुरुस्तीने उरलीसुरली निवडणूकही काढली. आता सदस्य सरकार नेमणार, त्यांत अकरापैकी तीनपर्यंत बिगरमुस्लिम असू शकतील. वापराने वक्फ ठरण्याची वाट पुढच्या काळासाठी बंद झाली. सर्वोच्च न्यायालयाने 15 सप्टेंबर 2025 च्या अंतरिम आदेशाने काही तरतुदी थांबवल्या, उदाहरणार्थ वक्फ करणाऱ्याने पाच वर्षे इस्लाम पाळलेला असावा ही अट, आणि मालमत्ता सरकारी आहे की नाही हे ठरवण्याचे अधिकाऱ्याला दिलेले अधिकार. दुरुस्तीच्या बाजूने आणि विरुद्ध जो गदारोळ झाला त्यात मी एक मागणी शोधत होतो : लाभार्थ्यांना मत द्या. ती मला ठळकपणे कोणाच्याच तोंडी दिसली नाही. एक पक्ष सरकारचा हात लांब करत होता, दुसरा मुतवल्लींचा हात वाचवत होता.

सच्चर समितीने 2006 मध्ये देशभरातल्या नोंदलेल्या वक्फ मालमत्ता 4.9 लाख आणि जमीन सुमारे 6 लाख एकर सांगितली. बाजारभावाने किंमत 1.2 लाख कोटी, उत्पन्न वर्षाला जेमतेम 163 कोटी. हा आकडा एकजण मुसलमानांकडे केवढी जमीन म्हणून वापरतो, दुसरा मुसलमानांवर केवढा अन्याय म्हणून. त्याचा सरळ अर्थ असा की मालमत्ता आहे, विचारणारे कोणी नाही.

इथे दोन मंडळींशी माझे भांडण आहे. पहिली म्हणतात, हा इस्लामचाच दोष, तिथे स्वातंत्र्य उगवतच नाही. त्यांना सांगावे लागते की नियमावली निजामाची असली तरी तुळजापुरात ती राबवणारे अधिकारी भारतीय प्रजासत्ताकाचे आहेत, आणि वर्ग 2 चा शिक्का हिंदू देवस्थानाच्या जमिनीवरही तेवढाच काळा आहे. दुसरी मंडळी वक्फच्या इतिहासाची चिकित्सा म्हणजे मुसलमानांवर हल्ला असे धरून चालतात. मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी 1970 मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले, माथेरानला जन्मलेले आसफ अली असगर फैजी यांनी मुस्लिम कायद्याची आयुष्यभर चिकित्सा केली. घरातून झालेल्या या चिकित्सेकडे पाठ फिरवून वक्फचा बचाव करणे म्हणजे मुतवल्लीचा बचाव करणे. गरिबाला त्यातून काही मिळत नाही.

2024 मध्ये राज्य सरकारने मराठवाड्यातल्या मदतमाश जमिनी वर्ग 1 करण्याचा नजराणा 50 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणला. कसणाऱ्यांना मोठा दिलासा मिळाला आणि तो मिळायला हवाच होता. पिढ्यानपिढ्या घाम गाळणाऱ्याला मालकी नाकारण्यात कसला धर्म? पण खिदमतमाशचा प्रश्न वेगळा आहे. तिथे जमीन सुटली तर सेवा कोण करणार, आणि सेवेच्या बदल्यात आलेली रक्कम कुठे जाणार, हे गावसभेत बोलले जायला हवे. ते आजही दालनात ठरते.

पुढच्या प्रकरणांत मुंतखबांची भाषा, अतियातचे निकाल, तुळजापूरची कवायत, धाराशिव शहरातल्या ख्वाजा शमसुद्दीन गाजींच्या दर्ग्यासारख्या ठिकाणी दोन्ही समाजांचा असलेला वावर, आणि भूसंपादनाच्या मोबदल्याची भांडणे असा पसारा आहे. क्रम सोडून वाचले तरी चालेल. कायद्याची प्रकरणे जड वाटली तर आधी मोबदल्याची वाचा. पैशाचा वाद आला की कायदा आपोआप समजू लागतो.

वाचून झाल्यावर एक काम करा. तुमच्या गावातल्या दर्ग्याला, मशिदीला, देवळाला किंवा मठाला जमीन असेल तर तिचा सातबारा काढा, मुंतखबाची नक्कल मागा, वर्षाचे उत्पन्न आणि खर्च विचारा. वक्फ असेल तर 1995 च्या कायद्याच्या कलम 70 खाली वक्फमध्ये हितसंबंध असलेली कोणीही व्यक्ती प्रतिज्ञापत्रासह चौकशीचा अर्ज करू शकते. सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे जाता येते. अर्ज एकट्याने करू नका, दहा-वीस सह्या घ्या, आणि त्या सह्यांत त्या जमिनीचा लाभ ज्यांना मिळायला हवा होता त्यांची नावे आधी असू द्या.